चोरलेला पान्हा

रात्री साडेनऊला गंगावेशीत
म्हशी येऊन उभ्या राहतात कट्ट्याशी,
शेपटीला चिखल,
शिंगांवर पाडव्याच्या रंगाची खपली.
मी रांगेत. दिवसभर शाहूपुरीत
गुळाच्या अडतीवर हिशेब लिहून
बोटं चिकट, धुतली तरी.

सौद्यात कुणी आवाज चढवला की
माझा पेन थांबतो.
क्विंटलमागे वीस रुपयांचा आवाज तो,
मला ठाऊक असतं.
खांद्यांना ठाऊक नसतं.
ते कानांपाशी जाऊन बसतात
आणि संध्याकाळपर्यंत उतरत नाहीत.

घरी एक लुना होती.
बोळाच्या तोंडाशी ती बंद केली जायची
की बंद पडायची,
त्यावरून कळायचं आण्णांची आजची रात्र कसली.
बंद पडली, तर धाकट्याला माळ्यावर चढवायचं.
बंद केली, तर ताट वाढायचं,
पिठल्यात गुठळी नको.
कडी वाजायच्या आत सात आकडे.
तिसरीत मी गणितात पहिली आले,
बाईंनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या
आणि मी बाकाखाली.

आण्णांना जाऊन चौदा वर्षं झाली.
लुना भंगारात घातली, साडेतीनशे आले.
आतल्या राखणदाराला मात्र
कुणी सांगायला गेलंच नाही
की पीक कधीच निघालं.
तो अजून माचाणावर,
गोफणीत दगड भरून.

मिणचेकर मॅडमनी विचारलं,
"सात आकड्यांत काय काय उरकायचात?"
मी सांगत गेले. त्या लिहीत गेल्या.
मग म्हणाल्या, "केवढं हुशार होतं हो कुणीतरी आत."
मी फी दिली आणि जिन्यात रडले,
आवाज न करता.
ते मला चांगलं येतं.

आज कुणाची तरी वरात.
फटाक्यांची माळ थेट भुरीच्या पायांशी.
तिचं कातडं एकदाच थरथरलं,
मानेपासून शेपटीपर्यंत,
आणि ती दगड झाली.
कृष्णात मामा आचळ ओढतोय, थेंब नाही.
"पान्हा चोरला हिनं," पुढचा पोरगा म्हणाला,
"हाण की एक, मामा."

मामा हसला नाही.
"मारून पान्हा सुटत असता
तर माझ्या बानं माझ्यातनं चरवीभर काढला असता.
भ्यालीया ती. धरून ठेवलंया.
कळू दे तिला, संपलं म्हणून."

आणि कपाळ टेकलं त्यानं तिच्या कुशीला.
हात फिरवत राहिला, बोलत राहिला काहीतरी
ज्यात शब्द नव्हते.
रांग चुळबुळली. दोघं पलीकडच्या म्हशीकडं गेले.
मी गेले नाही.
पाच मिनिटं असतील, दहा असतील.
मोजली नाहीत,
हे आत्ता लिहिताना कळतंय.

आधी तिचा कान हलला.
मग तिनं श्वास सोडला, केवढा तो,
माझ्या ओढणीपर्यंत आला.
मग रवंथ, मघाशी जिथं थांबलं होतं तिथूनच पुढं.
मग चरवीत पहिली धार,
पत्र्यावर नख ओढावं तशी.
दुसरी फेसात, मऊ.

ग्लास कोमट होता.
पिताना माझे खांदे उतरले का, बघितलं नाही.
बघायला गेलं की ते वर जातात.

घरी आले. जिना चढले.
शेजारी कुणीतरी कडी लावली.
एक, दोन, तीन,
चार...

पाचवा आठवला नाही, असं नाही.
ओठांवर फेस होता अजून,
तो आधी पुसला.